शास्त्रकालीन कथा कशी वाचावी?



पुष्कळ वर्षांपूर्वीं एका शाळेंतील शास्त्रविषयाचे कागद तपासण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे आलें होतें. नासरेथ गांवाशीं संबंध असलेला एखादा प्रसंग वर्णन करावा, असा त्यांत एक प्रश्न होता. बहुतेक मुलांनीं देवदूताचें मरीयेकडे आगमन लिहिलें, किंवा सभास्थानांत प्रभु येशूनें यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचला तो प्रसंग लिहिला. एका मुलाचा कागद मात्र निराळा होता. रोमी शिपाई एका तरुण यहुदी कैद्यास साखळदंड घालून नासरेथावरून नेत आहेत. तो तहानेनें व्याकुळ होऊन विहिरीपाशीं कोसळला आहे. शिपाई त्यास पाणी देऊं देत नाहींत. इतक्यांत सुताराच्या घरचा एक तरुण पुढें येतो आणि निर्भयपणें त्या कैद्याच्या ओठांस पाणी लावतो, असा तो प्रसंग होता. अक्षर वळणदार, भाषा ओघवती, आणि वर्णन असें कीं वाचतांना आपल्याच घशास कोरड पडावी. उणीव एकच होती. चारी शुभवर्तमानांत हा प्रसंग कोठेंहि नाहीं. तो 'बेन हर' नांवाच्या कादंबरींतील व तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांतील आहे.

त्या उत्तरास गुण देतां आले नाहींत. निकालानंतर तो मुलगा भेटावयास आला. त्यानें गुणांची याचना केली नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "मग गुरुजी, तें सगळें खोटें आहे काय?"

प्रश्न लहान होता. पण त्याचें उत्तर 'होय' या एका शब्दानें देणें योग्य झालें नसतें, आणि 'नाहीं' या एका शब्दानेंहि योग्य झालें नसतें. त्या दिवशीं जें उत्तर नीट देतां आलें नाहीं, तें आज या पृष्ठांवर देण्याचा विचार आहे.

ऐतिहासिक कथा म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. आपल्या मराठी भाषेंत ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड' या पुस्तकापासून मानतात. तें १८७१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. त्यांतील काळ शिवछत्रपतींचा आहे; परंतु मोचनगड शोधण्यासाठीं कोणी सारा सह्याद्रि पालथा घातला तरी त्यास तो सांपडावयाचा नाहीं, कारण तो किल्ला ग्रंथकारानें आपल्या कल्पनेंत बांधलेला आहे. तरीहि गुंजीकरांनीं वाचकांस फसविलें, असें कोणी म्हणत नाहीं. याचें कारण उघड आहे. त्यांनीं आपल्या पुस्तकास कादंबरी म्हटलें. इतिहासाचें अस्सल साधन म्हणून तें कोणापुढें ठेवलें नाहीं. सनद, शिलालेख व पत्रव्यवहार हीं काय घडलें तें सांगतात. कादंबरी, त्या काळीं त्या ठिकाणीं एखाद्या माणसावर काय प्रसंग येऊं शकला असता, तें दाखविते.

विणकराच्या मागाचा दृष्टांत येथें लागू पडतो. मागावर उभे धागे आधींच ताणून बसविलेले असतात. ते विणकरास मधेंच हलवितां येत नाहींत. आडवा धागा मात्र तो आपल्या आवडीच्या रंगाचा घेऊन धोट्यानें इकडून तिकडे नेतो. ऐतिहासिक कथेंत घडलेल्या गोष्टी हा ताणा होय आणि कल्पना हा बाणा होय. नुसत्या ताण्याचें वस्त्र होत नाहीं, आणि ताणा तोडून टाकला तर बाण्यास आधार राहत नाहीं.

पवित्र शास्त्राच्या काळावर कथा लिहिणारांस या मागाचें आकर्षण विशेष वाटतें, कारण शास्त्रग्रंथांची भाषा फार मोजकी आहे. ते मुख्य गोष्ट सांगतात आणि पुष्कळ ठिकाणीं मौन धरतात. नाताळांत आपण ज्यांचीं सोंगें आणतों त्या पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांचेंच पाहा. ते तीन होते, असें आपण सारे धरून चालतों. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानांत त्यांची संख्या दिलेली नाहीं. सोनें, ऊद व गंधरस या तीन भेटी मात्र सांगितल्या आहेत. भेटी तीन म्हणून माणसें तीन, अशी समजूत पुढें रूढ झाली; त्यांस गास्पर, मेल्किओर व बाल्थाझार हीं नांवेंहि मागाहून मिळालीं. 'बेन हर' कादंबरीच्या आरंभीं हे तिघे वाळवंटांत एकत्र येतात, आणि त्यांतील मेल्किओर हा चक्क हिंदु पुरुष दाखविला आहे! आपल्या देशाचा मान पाहून मनास गोड वाटतें खरें. परंतु हा मान कादंबरीकारानें दिलेला आहे, मत्तयानें नव्हे, हें विसरतां कामा नये.

या कादंबरीचा इतिहासहि जाणून घेण्यासारखा आहे. तिचे कर्ते लू वॉलेस हे अमेरिकेंतील एक सेनापति. १८७६ सालीं आगगाडीच्या प्रवासांत इंगरसॉल नांवाच्या एका प्रसिद्ध अज्ञेयवादी वक्त्याशीं त्यांचें धर्मविषयावर दीर्घ संभाषण झालें. त्या वेळीं आपल्या स्वतःच्या धर्माविषयीं आपणांस किती थोडें ठाऊक आहे, याची वॉलेस यांस लाज वाटली, आणि त्यांनीं अभ्यासास आरंभ केला. १८८० सालीं पुस्तक प्रसिद्ध झालें, तोंपर्यंत त्यांनीं पॅलेस्टाईन देश डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. नकाशे व ग्रंथ यांच्या आधारेंच त्यांनीं तो उभा केला. एवढे परिश्रम करूनहि एक मोठी चूक राहिलीच. कथेचा नायक गुलाम म्हणून रोमी लढाऊ जहाजावर वल्हीं मारतो. वास्तविक त्या काळच्या रोमी आरमारांतील वल्हेकरी बहुतेक स्वतंत्र, पगारी लोक असत. कैद्यांस वल्ह्यांस जखडण्याची चाल भूमध्य समुद्रांत पुष्कळ शतकांनंतर बोकाळली. परंतु कादंबरी व चित्रपट यांचा प्रभाव असा कीं आज कोणासहि रोमी जहाज म्हटलें म्हणजे साखळदंडांनीं बांधलेले गुलामच आठवतात. कुशल कथाकाराची चूक साध्या माणसाच्या चुकीपेक्षां अधिक दूरवर जाते, ती अशी.

आपल्या भाषेंत शास्त्रकाळ आणण्याचे प्रयत्न याहून कितीतरी जुने आहेत. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि १६१६ सालीं त्यांचें 'क्रिस्तपुराण' साष्टींतील राचोल येथें रोमी लिपींत छापलें गेलें. जुन्या करारावर एक व नव्या करारावर एक, अशीं दोन पुराणें मिळून सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. स्वर्गास त्यांनीं 'वैकुंठ' म्हटलें, आणि श्रोत्यांनीं शंका विचाराव्या व पाद्रींनीं त्यांचें निरसन करावें, ही आपल्या पुराणांची रीतहि ठेवली. पुढें १८८० च्या सुमारास कोंकणांतील बेने इस्राएल समाजानें अब्राहाम, योसेफ इत्यादि पूर्वजांचीं चरित्रें मराठी कीर्तनांतून गाण्याचा प्रघात पाडला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं आरंभिलेलें व लक्ष्मीबाई आणि त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनीं पूर्णत्वास नेलेलें 'ख्रिस्तायन' १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. हीं कांहीं कादंबऱ्या नव्हेत. परंतु दूरच्या देशांतील दूरच्या काळची कथा मराठी कानास आपली वाटावी कशी, हा प्रश्न त्या सर्वांपुढें होता, आणि ज्यानें त्यानें तो आपल्या परीनें सोडविला.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. नांदेड-लातूरकडील मुलास शास्त्रकाळाचें जग परकें वाटण्याचें खरोखर कांहीं कारण नाहीं. मार्काच्या दुसऱ्या अध्यायांत कफर्णहूम येथील पक्षाघाती मनुष्याची गोष्ट आहे. गर्दीमुळें दारांतून वाट मिळेना, म्हणून चौघांनीं त्यास घरावर चढविलें, छप्पर उकरलें व खाटेसह त्यास येशूपुढें खालीं सोडलें. उतरत्या कौलांच्या घरांत वाढलेल्या वाचकास हें नवल वाटतें. आपल्याकडील आजोबांस मात्र तें समजावून सांगावें लागत नाहीं, कारण त्यांचें बालपण माळवदाच्या घरांत गेलेलें असतें. लांकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि चढावयास जिना! उन्हाळ्यांत तेथेंच निजावयाचें, तेथेंच धान्य वाळवावयाचें. कफर्णहूम येथें उत्खननांत जीं घरें निघालीं त्यांच्या भिंती काळ्या बेसाल्ट पाषाणाच्या आहेत, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या भूमींतील जातीच्याच दगडाच्या. नवें घर बांधशील तेव्हां धाब्यास कठडा कर, नाहींतर कोणी पडून त्याचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकांत आहे. पेत्र प्रार्थनेसाठीं धाब्यावर गेला असें प्रेषितांच्या कृत्यांत आहे. या सर्व ठिकाणीं आपलें माळवद डोळ्यांपुढें आणावें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें किल्लारीच्या भूकंपांत असलींच दगडमातीचीं घरें झोंपलेल्या माणसांवर कोसळून हजारों जीव गेले. त्यानंतर नवीं गांवें निराळ्या पद्धतीनें वसलीं, आणि आजच्या पुष्कळ मुलांनीं माळवद आंतून पाहिलेलेंहि नाहीं. म्हणून पालकांस विनंती आहे कीं, ज्यांस तीं घरें आठवतात त्यांनीं तीं मुलांस वर्णन करून सांगावीं.

रूथ नांवाच्या विधवेची गोष्ट घ्या. ती बवाजाच्या शेतांत कापणी करणारांच्या मागून पडलेलीं कणसें वेचते. यास आपल्याकडे 'सरवा वेचणें' हा नेमका शब्द आहे. शेताचा कोपरान्‌कोपरा कापूं नये, पडलेला सरवा गरिबांसाठीं व उपऱ्यांसाठीं ठेवावा, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता; त्या दंडकाच्या आधारानेंच परदेशांतून आलेली ही सून आपल्या सासूचें पोट भरते. खळ्यावर मळणी करणाऱ्या बैलास मुसकें बांधूं नये, हा नियम. जातें किंवा त्याची वरची तळी कोणी गहाण ठेवून घेऊं नये, कारण तें माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखें आहे, हा नियम. दोघी एका जात्यावर दळीत असतील, हें प्रभूचें वचन. हीं सारीं खळ्याच्या व जात्याच्या प्रदेशांतील माणसास एका वाक्यांत समजतात. ज्यास शास्त्रकाळावर कथा लिहावयाची आहे त्याचें अर्धें साहित्य त्याच्या आजीपाशीं आहे.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. लिओनार्दो दा विंची या थोर चित्रकाराच्या शेवटल्या भोजनाच्या चित्रांत सर्व शिष्य उंच मेजाशीं ओळीनें बसले आहेत. त्या काळच्या मेजवानींत पाहुणे बैठकींवर डाव्या कुशीस टेकून, पाय मागें पसरून जेवीत. हें ठाऊक नसलें म्हणजे, लूकाच्या सातव्या अध्यायांतील स्त्री मागें उभी राहून येशूचे पाय अश्रूंनीं कशी भिजवूं शकली, हें कधींच उलगडत नाहीं. लहानशा गोष्टीच्या अज्ञानानें सबंध प्रसंग अंधारांत राहतो.

परंतु केवळ राहणीचें साम्य एवढाच आपला व त्या जगाचा संबंध नाहीं. प्रत्यक्ष देवघेवीचाहि संबंध होता. धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गांव आहे. लातुराहून तें फार दूर नाहीं. संत गोरा कुंभारांचें गांव म्हणून आपण त्यास ओळखतों. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, म्हणजे प्रभु येशूच्या वधस्तंभानंतर फार तर एका पिढीच्या अंतरानें, मिसर देशांतील एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्यानें 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध असलेलें एक पुस्तक लिहिलें. त्यांत तो सांगतो कीं, बारिगाझा म्हणजे भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें नगर आहे. पैठणाहून अकीकासारखे मौल्यवान दगड, आणि तगराहून जाडेंभरडें कापड व नाना प्रकारची तलम वस्त्रें गाड्यांत घालून बिकट मुलखांतून भडोचास आणितात. हें तगर म्हणजेच आपलें तेर, असें फ्लीट या संशोधकानें १९०१ सालीं प्रतिपादिलें, आणि पुढील उत्खननांनीं त्यास बळकटी आली. पैठणावरून वाहत येणारी गोदावरीच पुढें नांदेडच्या घाटांस लागते, हेंहि नांदेडच्या मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

इटलींतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. तेथील एका घरांत १९३८ सालीं हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. तिचें निकट साम्य तेर व जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशीं आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत त्या काळच्या वस्तूंचा जो सांठा आहे, तो प्रत्येक विद्यार्थ्यानें एकदां तरी पाहावा.

आतां पवित्र शास्त्र उघडा. एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वचनांत अहश्वेरोश राजाचें राज्य हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत होतें, असें म्हटलें आहे. त्याच अध्यायांत राजवाड्याच्या पडद्यांचें वर्णन येतें, आणि तेथें सुती वस्त्रास मूळ इब्री भाषेंत 'कर्पस' हा शब्द आहे. तो संस्कृत 'कार्पास' या शब्दापासून फारसी भाषेच्या वाटेनें तेथें पोंचला. आपला 'कापूस' हा शब्दहि त्याच 'कार्पासा'चें लेंकरूं. ज्या शेतांतून आपण रोज शाळेस येतों तेथील पिकाचें नांव असें शास्त्रग्रंथांत जाऊन बसलें आहे.

बेथानी येथें एका स्त्रीनें येशूवर जें सुगंधी तेल ओतलें तें जटामांसीचें होतें, असें मार्क व योहान सांगतात. जटामांसी ही हिमालयाच्या उंच उतारांवर उगवणारी वनस्पति. पेरिप्लसकर्ता लिहितो कीं जटामांसी उज्जयिनीच्या वाटेनें भडोच बंदरांत येई व तेथून पश्चिमेस जाई. जहाजें मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रांतील बंदरांस लागत. तेथून उंटांवरून माल नाईल नदीपर्यंत, आणि नदींतून अलेक्झांड्रियास जाई. तें तेल विकलें असतें तर तीनशें दिनारांहून अधिक आले असते, अशी शिष्यांनीं कुरकुर केली. मत्तयाच्या विसाव्या अध्यायांत द्राक्षमळ्यांतील मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार सांगितली आहे. शब्बाथाचे दिवस वजा केले तर तीनशें दिनार म्हणजे मजुराचें जवळजवळ वर्षाचें पोट. हा हिशेब केल्यावर त्या स्त्रीनें काय ओतलें हें आपणांस समजतें, आणि कुरकुर करणारांचें मनहि समजतें. इतिहासाचें ज्ञान श्रद्धेच्या आड येत नाहीं. उलट, वचनाचें वजन किती आहे तें तें तोलून दाखवितें.

एवढें साहित्य हातीं घेऊन आपण एक कथा रचून पाहूं. तेर येथील एक गाडीवान कल्पूं. हा मनुष्य सर्वस्वीं कल्पित आहे, हें आरंभींच सांगून ठेवतों. त्याच्या गाडींत कापडाचे गठ्ठे आहेत. दहा दिवसांनीं तो पैठणास पोंचतो, आणखी वीस दिवसांनीं भडोचास. वाटेंत बैल थकतो, नदीस पूर येतो, चोरांचें भय असतें. ही सर्व कल्पना आहे, पण ती संभवनीय आहे. वाटेंत तो शिदोरी सोडतो. येथें लेखकानें सावध राहावें! भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा देऊं नये, आणि जेवणानंतर चंचींतून तंबाखू काढूं नये. मिरची, तंबाखू, भुईमूग, बटाटा हे सारे अमेरिकेंतील जिन्नस असून ते पोर्तुगीजांच्या काळानंतर आपल्याकडे आले. त्याच्या शेटानें त्यास कागदावर लिहिलेली चिठ्ठी देऊं नये, कारण कागद तेव्हां या देशांत नव्हता.

आतां गाडीवानास यरुशलेमास न्यावें काय? येथें मोह फार होतो. त्यास जहाजावर चढवावें, प्रभूच्या वधस्तंभाशेजारीं उभें करावें, म्हणजे वाचकांच्या डोळ्यांस पाणी येईल! पण हा मोह आवरावा, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. माणूस येथेंच राहूं द्यावा व त्याचें कापड पुढें जाऊं द्यावें. भडोच बंदरांत रोमी सोन्याचांदीचीं नाणीं येत, असें पेरिप्लस सांगतें. व्यापाऱ्यानें खुष होऊन गाडीवानास चांदीचा एक दिनार दिला, असें लिहितां येईल. तो परत तेरास येतो. रात्रीं दिव्यापाशीं त्याची लहान मुलगी तें नाणें उलटसुलट करते आणि विचारते, "बाबा, हा कोणाचा मुखवटा?" तो म्हणतो, "ठाऊक नाहीं, बाळ. कोणी दूरचा राजा असेल." नाण्यावर तिबेर्य कैसराचें मुख आहे, त्यानें इ. स. १४ ते ३७ या काळांत राज्य केलें. यरुशलेमांत एक दिनार हातीं घेऊन, ही प्रतिमा कोणाची, हाच प्रश्न प्रभूनें विचारला होता. कथेंत तेरच्या त्या झोंपडींतील कोणासहि हें ठाऊक नाहीं. वाचकास मात्र तें ठाऊक आहे, आणि तेवढें पुरे आहे. शास्त्रांतील एका शब्दासहि येथें धक्का लागलेला नाहीं, इतिहासाचा एकहि धागा तुटलेला नाहीं, आणि तरीहि दोन दूरचे देश एका नाण्यानें जोडले गेले.

अशा कथेस तीन कसोट्या लावाव्या. जेथें शास्त्र बोलतें तेथें तिनें विरुद्ध बोलूं नये. जेथें शास्त्र मौन धरतें तेथें तिनें त्या काळास व स्थळास शोभेल तेंच बोलावें. आणि कल्पिलेलें तें कल्पिलेलें म्हणून कबूल करावें. या तिहींखेरीज एक चौथी कसोटी आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे: आपल्या कथेनें कोणा जिवंत माणसावर अन्याय होत नाहीं ना, हें पाहावें.

ही शेवटची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. युरोपांत मध्ययुगांत प्रभूच्या दुःखसहनाचीं नाटकें होत. त्यांत खलपुरुषांचीं सोंगें यहुदी म्हणून इतक्या विकृत रीतीनें रंगवीत, कीं नाटक पाहून खवळलेले लोक आपल्याच गांवांतील निरपराध यहुदी शेजाऱ्यांवर चाल करून जात. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती आणि ती रोमी सुभेदार पिलातानें फर्माविली. हा पिलात कवितेंतला पुरुष नव्हे. त्याचें नांव कोरलेला दगड १९६१ सालीं कैसरिया येथें सांपडला आहे. प्रभु येशू स्वतः, त्याची माता, त्याचे बारा प्रेषित, वधस्तंभाशीं रडणाऱ्या स्त्रिया, हीं सर्व यहुदी माणसें होतीं. हें विसरणाऱ्या कथाकारांनीं शतकानुशतकें जें विष पेरलें त्याचीं फळें विसाव्या शतकांत जगानें पाहिलीं. आपल्या महाराष्ट्रांत याच यहुदी धर्माचे बेने इस्राएल लोक कोंकणांतील गांवांत तेलाचे घाणे चालवीत, मराठी बोलत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणवीत, आणि शेजाऱ्यांशीं गुण्यागोविंदानें नांदत. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्राएल देशांत गेले. तेथेंहि त्यांनीं मराठी जपली. शाळेच्या नाटकांत यहुद्याचें सोंग घेतांना, हे आपल्याच भाषेंत देवाचें कीर्तन करणारे लोक आहेत, एवढी आठवण ठेवली तरी लेखणी व जीभ आपोआप आवरते. हाच नियम कोणत्याहि धर्माच्या व कोणत्याहि जातीच्या लोकांविषयीं रचलेल्या ऐतिहासिक कथेस लागू आहे. आपल्या वर्गांत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. जी कथा शेजारच्या मुलास मान खालीं घालावयास लावील, ती कितीहि रसाळ असली तरी सत्याची सेवा करीत नाहीं.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊं. "तें सगळें खोटें आहे काय?"

नाहीं, बाळ. खोटें तें, जें खरें म्हणून सांगितलें जातें व नसतें. त्या ग्रंथकारानें आपल्या कथेस कथाच म्हटलें होतें. कैद्यास पाणी पाजणारा तो हात शुभवर्तमानांत लिहिलेला नाहीं. पण तहानेल्यास पाणी देणें म्हणजे मलाच देणें, हें ज्यानें सांगितलें त्याच्या स्वभावास तो शोभतो, म्हणूनच तो प्रसंग तुझ्या मनांत ठसला. चूक कादंबरीची नव्हती, आणि ती वाचून तुझें मन हेलावलें ही तर मुळींच चूक नव्हती. चूक एवढीच झाली कीं, हें वाक्य कोणत्या पुस्तकांतलें आणि तें कोणत्या पुस्तकांतलें, हें तूं विचारलें नाहींस.

तेवढें विचारावयाची संवय लागली म्हणजे कथा खुशाल वाचाव्या. कादंबरी मिटल्यावर मूळ ग्रंथ उघडावा आणि कोणतें कोठें आहे तें ताडून पाहावें. सुट्टींत आजीपाशीं बसून सरवा, खळें, जातें व माळवद यांची माहिती लिहून घ्यावी. जमल्यास तेरास जाऊन यावें. आणि मग ज्यास वाटेल त्यानें पुढील वर्षीच्या अंकासाठीं एक शास्त्रकालीन कथा लिहून द्यावी. तिच्याखालीं मात्र, यांतील खरें कोणतें व आपण रचलेलें कोणतें, हें दोन ओळींत प्रामाणिकपणें नमूद करावें. त्या दोन ओळींनीं कथेची गोडी उणी होत नाहीं.